खुंटीवरचा कोट

गोठ्याचं दार सताड उघडं होतं आणि आत एकही शेळी नव्हती.

कडी रात्री मुलीनेच घातली होती, ओढूनही पाहिली होती. आत्याला हाक मारावी की बाबांना, हे ठरायच्या आत ती पायात बूट सरकवून उतारावर धावत सुटली. बाहेर धुकं असं दाटलं होतं की हात लांब केला तर बोटं नाहीशी व्हावीत. कुंपण दिसेना, वाट दिसेना. वरच्या अंगाला कुठेतरी घंटा तेवढी वाजत होती... मोठीबाईच्या गळ्यातली. मोठीबाई म्हणजे कळपातली सगळ्यात थोराड, करड्या तोंडाची शेळी. ती जाईल तिथे बाकीच्या जात.

"या गं... या," तिने हाक मारली. आवाज धुक्यात बुडून गेला.

घंटा थांबली. मग हळूहळू जवळ येऊ लागली. आधी शिंगं दिसली, मग ओल्या नाकपुड्या, मग पांढऱ्या-तपकिरी पाठींची रांग. आणि त्या रांगेच्या पुढे —

पुढे म्हातारीचा कोट चालत होता.

तोच. गुडघ्यापर्यंत लांब, मातकट, डाव्या कोपरावर काळं ठिगळ. घराच्या आधीच्या मालकिणीचा तो कोट आठवड्यापूर्वी बाबांनी जाळायला काढला होता. ओला होता, पेट घेईना, तेव्हा घरामागच्या खड्ड्यात टाकून वर दगड रचले होते. दगड रचायला तिनेही हात लावला होता.

तिचे पाय जागच्या जागी खिळले.

"या शेळ्या तुमच्या का?" कोटाने विचारलं.

आवाज पुरुषाचा होता. तरुण, आणि थंडीने जरासा कापणारा. कॉलरच्या वर चेहराही होता. विस्कटलेले केस, भुवयांवर दवाचे थेंब, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात अडकून राहिलेलं हसू.

"तुम्ही... कोण?"

"आधी श्वास घ्या, मग सांगतो. मी मेलेला असल्यासारखं बघताय माझ्याकडे."

"तुमच्याकडे नाही. कोटाकडे."

त्याने वाकून स्वतःकडे पाहिलं. "कोट मेल्याचं मी पहिल्यांदाच ऐकतोय."

"कुठे मिळाला तुम्हाला हा?"

"तुमच्याच फाटकावर. खिळ्याला अडकवलेला होता. नीट, वरचं बटण लावून. मला वाटलं, म्हातारीने माझ्यासाठीच ठेवलाय. दर वर्षी मी कुडकुडत येतो आणि दर वर्षी ती बोलणी देते. घातला, दोन पावलं चाललो, मागे पाहतो तर ही सगळी मिरवणूक."

"गोठा तुम्ही उघडलात?"

"मी अजून फाटकाच्या आतही आलो नाही." पाठीवरची कातडी पिशवी त्याने सावरली. आत काहीतरी खणखणलं. "मी फण्या दुरुस्त करतो. शेळ्या विंचरायच्या फण्या. म्हातारी कुठंय? उठली नाही अजून?"

तिने मान खाली घातली. "त्या गेल्या. गेल्या वर्षी... अशाच धुक्यात. चुकलेली शेळी शोधायला निघाल्या आणि वर दगडी बांधापाशी बसल्या त्या बसल्याच. सापडल्या तेव्हा सगळ्या शेळ्या भोवती उभ्या होत्या म्हणे."

तो कॉलर मुठीत धरून उभा राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं —

"मग हा कोट फाटकाला लावला कोणी?"

त्यांच्यामध्ये उभी राहून मोठीबाई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

त्या घरात कोणालाही शेळ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुलगी शहरात लोकरीच्या कपड्यांच्या दुकानात विकायला उभी असायची. एक दिवस तिच्या हातात शेळीच्या लवेचा मफलर आला. इतका हलका की हातात काही आहे असं वाटेना. ही लव येते कुठून, असं तिने विचारलं. शेळीच्या राठ केसांखाली थंडीत उगवते, थंडी सरली की आपोआप सुटते, तेवढ्या दिवसांत फणीने विंचरून घ्यायची, हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात भूत शिरलं. घरी येऊन तिने शेळ्यांचा असा धोशा लावला की शेवटी आत्या म्हणाली, "अरे, घेऊन दे तिला एकदाच्या. नाहीतर ही आपल्यालाच विंचरेल."

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. इस्पितळाच्या धुलाई विभागाचे ते प्रमुख होते. आत्या त्याच इस्पितळात चादरी शिवायची. राहतं घर विकून तिघांनी डोंगरउतारावरचं हे दगडी घर घेतलं, शेळ्यांसकट. वर्षभर शेळ्या कशाबशा सांभाळलेल्या म्हातारीच्या लांबच्या पुतण्याने किल्ली हातात ठेवली आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

आणि बाबांनी धुवायला घेतलं. जन्मभर डाग काढलेला माणूस तो, मळकट काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. गोठा सोड्याने घासला, फिनेलने पुसला, वर चुना मारला. म्हातारीचं बुटकं स्टूल तासून काढलं. तिच्या फण्या इतक्या उकळल्या की मुठी निखळून आल्या. भिंतीत एक लाकडी खुंटी होती, तिच्यावर तो कोट लटकत असे. कोट त्यांनी टाकला. खुंटीही उपटायला गेले, पण पक्कड वाकली तरी खुंटी हलली नाही.

तेव्हापासून शेळ्या बिथरल्या. फणी दिसली की भिंतीवर चढायला बघायच्या. माणूस आत गेला की सगळ्या मिळून एका कोपऱ्यात. आणि उन्हं कलली की वेगळंच काहीतरी व्हायचं. चरणारी, रवंथ करणारी, निजलेली, प्रत्येक शेळी उठून उभी राहायची आणि त्या रिकाम्या खुंटीकडे तोंड करायची. कान टवकारून, डोळ्याची पापणी न हलवता. अंधार पडेपर्यंत.

"मला नाही बाई हे आवडत," आत्या म्हणायची. "पाहुणा दिसत नाही आणि सगळी उठून उभी राहतात."

त्यातच लव सुटू लागली होती. उतारावरच्या काट्याकुट्यांना पांढऱ्या धाग्यांची जळमटं लागली होती. वर्षाचं पीक वाऱ्यावर चाललं होतं. बाबा त्या झुडपांकडे पाहत एवढंच म्हणाले, "ही लव घरात आली नाही, तर शेळ्या व्यापाऱ्याला देऊन आपण परत जायचं, बाळ. हौस झाली." व्यापारी एकदा येऊन शेळ्या पाहूनही गेला होता.

परत जायचं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. तेच दुकान, तोच काउंटर, आणि दुसऱ्यांनी विणलेलं दुसऱ्यांना दाखवत उभं राहणं. रात्री अंथरुणात पडलं की तिला दुकानाचं शटर पडल्याचा आवाज ऐकू यायचा.

त्या धुक्याच्या सकाळी शेळ्या घेऊन आलेला फणीवाला गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि त्याने नाक मुरडलं.

"इथे शेळ्या पाळता की ऑपरेशन करता?"

"स्वच्छता नको?" बाबा म्हणाले.

"हवी ना. पण काका, शेळी घर ओळखते ते नाकाने. तुम्ही तिचं घरच धुऊन टाकलंत. उद्या तुम्ही घरी आलात आणि भिंतीच नसल्या, तर तुम्ही काय, केस विंचरून घ्यायला बसाल?"

आत्याला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

कोट खड्ड्यातून निघाला कसा, हे बाबांनाही सांगता येईना; फणीवाल्याने तो घातलेलाच होता. बुटक्या स्टुलावर तो टेकला, पिशवीतून वाकड्या दातांची फणी काढली आणि वाट पाहू लागला. तपकिरी शेळी आपणहून पुढे आली. त्याने मानेपासून सुरुवात केली, मग खांदा, मग कूस. फणीमागे राखाडी ढगासारखं काहीतरी साचत गेलं. ते काढून त्याने मुलीच्या ओंजळीत ठेवलं.

"काही कळतंय हातात?"

"नाही."

"मग बरोबर आहे. ती लवच."

तिने ओंजळ गालाला लावली. लव उबदार होती. वर पाहिलं तर तो तिच्याकडेच पाहत होता. त्याने घाईघाईने मान वळवली आणि फणी उलटी धरली.

"दात वरच्या बाजूला आहेत," ती म्हणाली.

"माहितीये मला... बघत होतो, तुमचं लक्ष आहे की नाही."

खाली बाजारात त्याने एक खोली घेतली होती. तिथून तो रोज सकाळी चढण चढून यायचा. हाताशी माणूस हवा म्हणून, असं बाबा म्हणायचे. फण्या दुरुस्त व्हायच्या आहेत म्हणून, असं तो म्हणायचा. आत्या काहीच म्हणायची नाही, पण चहाचा कप एक जास्त मांडायची.

दोन-चार दिवसांनी त्याने कोट काढून मुलीच्या खांद्यावर घातला. "आता तुम्ही बसा, मालकीणबाई. मी काय जन्मभर इथे राहणार आहे?"

"राहू नका. सांगितलंय कोणी?"

"कोणी सांगतच नाही, हीच तर अडचण आहे."

कोट जड होता. आत धूर, गवत आणि जुन्या अंगाचा वास. तिने बाह्या दुमडल्या आणि पांढऱ्या शेळीच्या मानेवर फणी टेकवली. तो मागे वाकून दाखवत होता. त्याचा हात तिच्या हाताला लागला... आणि तिथेच जरा जास्त वेळ राहिला.

"एवढं दाबू नका. गुंता आला की ओढायचं नाही, खालून सोडवत यायचं. तुम्ही तुमचे केस विंचरता ना, तसं."

"माझे केस मी रागारागाने विंचरते."

"मग शेळीवर राग काढू नका. माझ्यावर काढा."

ती हसली आणि पुढे विंचरू लागली. पाठीवर ऊन होतं. हात आपोआप चालत होते. फणी कुठे वळवायची, कुठे उचलायची, हे बोटांना आधीपासूनच ठाऊक असावं तसे. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो एकदम बाजूला झाला.

"काय झालं?"

त्याचा चेहरा उतरला होता. "तुम्ही आत्ता काय गुणगुणत होता?"

"मी? मी कुठे..."

"गुणगुणत होता. तीन वेळा वर जाणारं आणि मग एकदम खाली येणारं. ते कोणाचंच गाणं नाही. म्हातारी विंचरताना तेवढं एकच गुणगुणायची. तुम्ही कुठे ऐकलंत?"

तिने घशाला हात लावला. घसा कोरडा होता, बराच वेळ गाणाऱ्या माणसाचा असतो तसा.

आणखी एक गोष्ट होती. कोटाच्या उजव्या खिशात रोज सकाळी जाडं मीठ सापडायचं. शेळ्या खिशात तोंड घालून चाटायच्या, संध्याकाळपर्यंत खिसा रिकामा व्हायचा आणि सकाळी पुन्हा भरलेला. तिने भरला नव्हता. फणीवाला म्हणाला, मी नाही. आत्या म्हणाली, मी त्या कोटाला चिमट्यानेही शिवणार नाही.

एका पहाटे तिने दाराआड उभं राहून पाहिलं. गोठ्यात कोणीतरी खुंटीपाशी वाकलेलं होतं. आकृती वळली...

बाबा होते. मुठीत मीठ.

"माझ्याकडे असं काय बघतेस?" ते चाचरत म्हणाले. "तो पोरगा सांगत होता, म्हातारी मीठ ठेवायची म्हणून. आपण एवढं सगळं धुतलं... म्हटलं, निदान मीठ तरी." मग त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. "पण बाळ, तुला एक सांगतो. परक्याच्या कोटात शिरून आपलं घर चालत नाही. तो कोट आता बाह्यांना विरलाय. फाटला की काय करशील? शेळ्या तुझ्या झाल्यात की कोटाच्या? लव संपायच्या आत एक तरी शेळी कोटाशिवाय तुझ्यापाशी उभी राहू दे. राहिली, तर आपण इथेच. नाही तर मी व्यापाऱ्याला निरोप धाडतो."

ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं, कारण ते फक्त शेळ्यांबद्दल नव्हतं.

ती कोटात असली की फणीवाला तिच्याजवळ बसायचा, हसायचा, हात धरून शिकवायचा. कोट काढून ती अंगणात आली की तो फण्यांत तोंड खुपसायचा. लहान असल्यापासून तो बापाचं बोट धरून या गोठ्यात आला होता. बाप गेल्यावर म्हातारीनेच त्याला जेवू घातलं होतं. त्याला नक्की कोणाचा वास हवा होता?

त्या संध्याकाळी शेळ्या पुन्हा उठून उभ्या राहिल्या. आता खुंटीवर कोट होता आणि सगळ्यांची तोंडं कोटाकडे. ती कळपाच्या मधोमध उभी होती, पण एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. दारात तो उभा होता. तोही कोटाकडेच पाहत होता.

"तुम्हीही?" ती म्हणाली.

"काय?"

"इतके दिवस तुम्ही माझ्याशी बोलताय की कोटाशी?"

त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "कोट उलट उत्तरं देत नाही."

"मग त्याच्याशीच बोला."

"अहो, असं काय... ऐका तरी."

"मी कोट घातला की तुम्हाला मी दिसते. काढला की दिसत नाही. खोटं आहे?"

"काढला की..." तो म्हणाला, "काढला की मला भीती वाटते."

"कशाची?"

त्याने पिशवी उचलली आणि उतार उतरून गेला. घंटेचा आवाज लांब जावा तसा फण्यांचा खणखणाट लांब गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याने जास्तीचा कप मांडला आणि पुन्हा उचलून ठेवला.

सगळ्या शेळ्या विंचरून झाल्या होत्या. उरली होती मोठीबाई. पहिल्या सकाळी ती कोटामागे आली खरी, पण फणीसाठी कोटालाही वश झाली नव्हती. कोटातल्या माणसाकडे ती दुरूनच पाहायची, फसवणूक कळलेल्या बाईसारखी. तिच्या मानेवरची लव पुरती सुटली होती. एक वारा आला असता तर सगळी गेली असती.

बाबांनी बूट घातले. "खाली जाऊन निरोप देतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"तासभर थांबा," ती म्हणाली.

तिने कोट खुंटीला अडकवला, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि स्टुलावर खुंटीकडे पाठ करून बसली. आत अर्धवट उजेड होता. बाहेर धुकं पुन्हा चढत होतं. शेळ्या कोपऱ्यात सरकल्या. तिने कोणालाच हाक मारली नाही. तिला खरं तर रडू येत होतं. हाताला चाळा म्हणून तिने केस मोकळे सोडले आणि हातातल्या फणीने तेच विंचरू लागली. यावेळी राग नव्हता. खालून एकेक गुंता सोडवत, त्याने सांगितलं होतं तसं.

डोळे आपोआप मिटले. घंटा वाजली. एक पाऊल... थांबली. आणखी एक पाऊल. मानेमागे उबदार श्वास जाणवला. कोणीतरी तिचे केस हळूच बाजूला घेत होतं, बटा वेगळ्या करत होतं.

"मोठीबाई, केस खाऊ नकोस हं," ती डोळे न उघडता म्हणाली.

केस कोणी ओढले नाहीत. बटा एकावर एक येत राहिल्या. आवळून, सावकाश, आई होती तेव्हा लहानपणी करायची तसं. गोठ्यात कोणीतरी गुणगुणत होतं. तीन वेळा वर... आणि मग एकदम खाली. आपलाच घसा असेल, असं तिला वाटलं.

घंटा पुन्हा वाजली, अगदी जवळ.

तिने डोळे उघडले. मोठीबाई तिच्या समोर उभी होती.

समोर. गुडघ्यांना नाक लावून. बाकीच्या शेळ्या तिच्यामागे. मागच्या बाजूला फक्त भिंत होती, खुंटी होती आणि कोट.

पळावं असं वाटलं. पण मोठीबाईने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, एखाद्या ओळखीच्या माणसाची परवानगी घ्यावी तसं, आणि मग मान खाली करून तिच्या मांडीवर टेकवली. जड, उबदार मान.

ती वळली नाही. आज वळून पाहायचं नाही, एवढं तिला कळलं. तिने फणी त्या मानेवर टेकवली. मोठीबाई हलली नाही. लव सुटून येत गेली, तापवलेल्या दुधावरच्या साईसारखी, सलग.

किती वेळाने कोण जाणे, दार करकरलं. धुक्यासोबत फणीवाला आत आला. धापा टाकत होता. काहीतरी बोलायचं घोकून आला असावा, पण समोरचं दृश्य पाहून ते विसरला.

"कोट..." तो म्हणाला. "तुम्ही कोट नाही घातला."

"नाही."

"आणि ती उभी आहे."

"दिसतंय ना."

तो जवळ आला. त्याने एकदाही खुंटीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्याकडे, आणि त्याचा आवाज खाली आला. "तुमची वेणी कोणी घातली?"

तिने हात मागे नेला. घट्ट, सरळ वेणी होती. शेवटी लवेच्या धाग्याची गाठ.

"मी केस मोकळे सोडले होते," ती म्हणाली.

मग तो जमिनीवर, तिच्या पायांशी बसला.

"त्या दिवशी विचारलंत ना, भीती कशाची. कोट होता तेव्हा सोपं होतं. वाटायचं, सगळं पूर्वीसारखंच आहे, मी दर वर्षी येणार आणि दर वर्षी जाणार. तुम्ही कोट काढून अंगणात यायचात, आणि मला... जावंसंच वाटेना. पिशवी उचलवेना. फण्यांत तोंड घालून बसलो नसतो तर काहीतरी बोलून बसलो असतो."

"मग बसायचं होतं बोलून."

"आता बोलतो." त्याने घसा साफ केला. "त्या भिंतीत आणखी एक खुंटी ठोकू का?"

"कशाला?"

"माझी पिशवी अडकवायला. म्हणजे... रोज. कायमची."

तिने मोठीबाईच्या मानेत तोंड लपवलं. हसू लपेना. "बाबांना विचारा. त्यांनी नुकताच चुना मारलाय."

"एक डाग चालेल," दाराबाहेरून बाबांचा आवाज आला. "पण खुंटी सरळ बसली पाहिजे." ते बूट घालून तिथेच उभे होते, खाली गेलेच नव्हते. मागून आत्याचा आवाज आला, "तुम्ही सगळे कप थंड करताय."

त्या संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा शेळ्या उठून उभ्या राहिल्या. फणीवाला, बाबा, आत्या, सगळे दारातून पाहत होते. एकेक करून शेळ्यांनी खुंटीकडे पाहिलं. मग मोठीबाई वळली, आणि तिच्यामागे सगळ्या वळल्या. त्यांनी मुलीकडे तोंड केलं आणि तशाच उभ्या राहिल्या, कान टवकारून. ती अवघडली. काय करायचं सुचेना, म्हणून तिने आपल्या खिशातलं मीठ काढून हात पुढे केला.

सकाळी पुन्हा दाट धुकं होतं. ते दोघं कळप घेऊन वरच्या बांधापर्यंत गेले. त्याने तिचा हात धरला होता. आधी धुकं आहे म्हणून, मग धुकं आहे या सबबीवर. खाली घराच्या दारात उभ्या बाबांचे आणि आत्याचे आवाज धुक्यातून वर येत होते. त्यांचं नेहमीचं काहीतरी चाललं होतं.

"खुंटी कुठे ठोकायची ठरलं?" तिने विचारलं.

"जुनीच्या शेजारी. जुनीवर कोट राहू दे."

"तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"मालकीणबाई, तुमच्या आत्यांची वाटते. कोटाची आता नाही."

मोठीबाई चालता चालता थांबली. तिच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजली.

बांधाच्या पलीकडे, धुक्यात, कोणीतरी चढण चढत होतं. पाठमोरं. गुडघ्यापर्यंत लांब, मातकट. डाव्या कोपरावर काळं ठिगळ.

तिने त्याचा हात घट्ट दाबला. तो शेजारीच होता, थंडीने कापत, नुसत्या सदऱ्यावर. बाबा आणि आत्या खाली दारात होते.

कोट थांबला. वळला नाही. जरा वेळ वाट पाहावी तसा उभा राहिला. शेळ्या सगळ्या तिकडे पाहत होत्या. एखादी तरी धावेल असं तिला वाटलं.

एकही हलली नाही. मोठीबाईने नाक फुरफुरवलं, मग वळून तिच्या बाजूला आली आणि तिच्या मांडीला अंग टेकवून उभी राहिली.

मग कोट पुढे चालू लागला. सावकाश, हलक्या पावलांनी, दिवसभराचं काम उरकलेल्या माणसासारखा. गुणगुणणं ऐकू आलं, तीन वेळा वर, मग एकदम खाली, आणि धुक्यात विरून गेलं.

तिने मोठीबाईच्या मानेवर हात ठेवला.

"घरी जाऊया?" शेवटी तिने विचारलं.

"जाऊया," तो म्हणाला.

गोठ्यात खुंटी रिकामी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने पाठीवरची पिशवी काढली आणि त्या जुन्या खुंटीवर अडकवली. फण्या आत खणखणल्या आणि शांत झाल्या. एकाही शेळीने वळून पाहिलं नाही. सगळ्या तिच्या हाताकडे पाहत होत्या, मीठ कधी मिळतंय म्हणून.